सरांनी हातात काठी दिली

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते कराटेचे सर. शाळेने आणखी पुष्कळ दिलं, त्याबद्दल बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

शेडमधला वर्ग सगळ्यांना आठवत असेल. अर्धा वेळ पंच, ब्लॉक, काता (ठरावीक हालचालींचा क्रम) आणि उरलेला वेळ भिंतीशी उभ्या केलेल्या काठ्या. बाहेर हे दोन्ही वेगवेगळं शिकवतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सर नेहमी ओकिनावाबद्दल सांगायचे. तिथे कराटे आणि बो (लांब काठी), साई, तोन्फा, कामा या शस्त्रांचं कोबुदो शेजारीशेजारी वाढलं. फिलिपिन्सच्या अर्निसमध्ये तर विद्यार्थी काठीपासूनच सुरुवात करतो आणि तेच वार, त्याच कोनांतून, पुढे रिकाम्या हातांनी करतो. केरळच्या उत्तरेकडच्या कलरीपयट्टूतही आधी शरीर घडवतात, मग लाकडी शस्त्रं, मग धातूची, आणि नि:शस्त्र लढत सगळ्यात शेवटी.

सहा फुटी बो हातात आली की काही लपत नाही. पंच मारताना कंबर वळली नाही तर ते सरांच्याच नजरेला दिसायचं. काठी फिरवताना तेच झालं की टोक भरकटायचं आणि अख्ख्या रांगेला दिसायचं. एरवी मागे राहणारा डावा हात काठीमुळे कामाला लागला. मनगटात जोर आला, तो पकडीतून हात सोडवताना उपयोगी पडला. पण सगळ्यात मोठी शिकवण अंतराची. काठीसमोर उभं राहिलं की पावलं आपोआप जागी होतात. बाहेर राहायचं तर टप्प्याच्या पूर्ण बाहेर, आणि आत शिरायचं तर पूर्ण आत, कारण अंगाशी आलेल्या माणसावर लांब काठीचं टोक चालत नाही. मधे घुटमळलं की मार बसणारच. हे नुसत्या कुमितेतून, म्हणजे रिकाम्या हातांच्या लढतीतून, इतक्या लवकर अंगात मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्नेहसंमेलनातलं आमचं प्रात्यक्षिक आठवतं. माझ्यासमोर वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी होती. ठरलेल्या क्रमात तिची काठी निसटली आणि गडगडत पडद्याकडे गेली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा वार खाली येण्याआधीच ती तिरकी आत आली, एक हात माझ्या मनगटावर, दुसरा काठीवर, आणि कंबर वळवून तिने मला बाजूला काढलं. टाळ्या पडल्या. लोकांना ते बसवलेलंच वाटलं. सर विंगेत उभे होते, हलले नाहीत. खाली उतरल्यावर तिला एवढंच म्हणाले, "पाय बरोबर पडले." सरांकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला तरी आठवत नाही. हातातलं शस्त्र गेलं तरी ती मुलगी निराधार झाली नव्हती, आणि त्यासाठी तिला वेगळं काही शिकवलेलं नव्हतं.

आज मी स्वतः मुलामुलींना शिकवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली कराटे खेळलं गेलं तेव्हा ऊर भरून आला. पण तिथे काता आणि कुमिते एवढंच होतं, आणि पदकांच्या मागे लागलेल्या वर्गांमधून काठ्या हळूहळू नाहीशा होताना पाहून जीव तुटतो. पालकही विचारतात, हे धोक्याचं नाही का? मी त्यांना सरावाला बसायला सांगते. काठी हातात असताना मुलं जितकी सावध आणि एकमेकांना जपून वागतात, तितकी मोकळ्या हातांनी वागत नाहीत.

शाळेतला तो वर्ग बंद झाल्याचं ऐकलं. तो पुन्हा सुरू करायचा असेल तर शनिवारची सकाळ द्यायला मी तयार आहे. काठ्याही माझ्याकडच्या आणेन.