खोटं असतं रे ते

28 जून, रात्री. घड्याळात बघितलं तर 29 लागलीये.

दादाला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (अमेरिकेतली टीव्हीवरची कुस्ती) एका जुन्या मॅचची क्लिप पाठवली होती. दरवर्षी पाठवतो, ती मॅच झाली त्याच तारखेला. (तसं बघायला गेलं तर तिकडे पिट्सबर्गला 28 ची रात्र होती तेव्हा आपल्याकडे 29 उजाडली होती. पण आम्ही 28 च धरतो.) दोन वर्षांपूर्वी 'हा हा, भारी' आलं होतं. गेल्या वर्षी नुसता अंगठा. यंदा चार शब्द आले.

'खोटं असतं रे ते.'

बस. आणखी दोनेक मिनिटं ऑनलाइन दिसला, मग गेला. मी फोन उशाशी ठेवला, पंख्याकडे बघत पडलो, परत उचलला, परत ठेवला. आता स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. ही पाणी प्यायला उठली. काय झालं म्हणाली. काही नाही म्हटलं. सांगणार काय? अडतीस वर्षांच्या घोड्याला मोठ्या भावाने कुस्ती खोटी असते असं सांगितलं, म्हणून झोप उडालीये?

खोटं असतं हे मला माहीत नाही का?

म्हणजे मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की हे त्याने म्हणावं. ह्याच वाक्यासाठी ज्याने एका पोराचं थोबाड फोडलं होतं, त्याने. आम्ही जिन्यात बसून डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळत होतो. उंची, वजन, छाती, दंड, रँक. ते पोरगं हरायला लागलं आणि म्हणालं, माझे काका म्हणतात हे सगळं ठरवून असतं, रक्त म्हणजे टोमॅटो सॉस. दादा काही बोलला नाही. त्याने आपले पत्ते गोळा केले, ठोकून कडा सारख्या केल्या, त्यांना रबर लावलं, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मग उठून मारलं. ते रबर लावणं मला अजून दिसतं. रागावलेला माणूस एवढा टापटिपीने वागू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतर बऱ्याचदा पाहिलं. गेल्या मंगळवारीही पाहिलं. असो.

संध्याकाळी त्या पोराची आई घरी आली आणि आमच्या आईने दादाला लाटण्याने बदडलं. मार खाताना तो म्हणत होता, 'पण खरं असतं ते, आई.' मी पत्ते धरून उभा.

ती मॅच आम्ही पुरी पाहिली सीडीवर, भाड्याने आणलेल्या. त्याआधी केबलवर नुसते तुकडे. ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगायचं, पण मला आज सांगावंसं वाटतंय. 1998, किंग ऑफ द रिंग नावाचा शो. अंडरटेकर आणि मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली. हेल इन अ सेल, म्हणजे रिंगला चारी बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी, 16 फूट उंच पिंजरा. लढायचं असतं आत. हे दोघं सुरुवातीलाच छतावर जाऊन उभे. जाळी त्यांच्या वजनाने खाली झोळ धरतेय, आणि तेवढ्यात अंडरटेकरने त्याला धरून खाली फेकला. सरळ समालोचकांच्या टेबलावर. टेबलाचा चुराडा. समालोचक जिम रॉस जो ओरडला त्यातलं इंग्रजी आम्हाला कळलं नव्हतं, पण माणूस मेला असं म्हणतोय एवढं कळलं. दादाने माझं मनगट धरलं होतं.

स्ट्रेचरवरून न्यायला लागले तर हा मधूनच उतरला आणि परत पिंजऱ्यावर चढायला लागला. वर अंडरटेकरने त्याला गळ्याला धरून छतावर आपटला आणि छताची जाळीच निखळली. हा थेट खाली रिंगमध्ये. मागून वरची खुर्ची येऊन तोंडावर. थोड्या वेळाने कॅमेरा जवळ गेला तर नाकाखाली पांढरं काहीतरी दिसतंय. दात होता तो.

मधे टेरी फंक आला, फोलीचा जुना मित्र. फोलीला सावरायला जरा वेळ मिळावा म्हणून. अंडरटेकरने त्यालाही उचलून आपटला, आणि म्हाताऱ्याचे बूट पायातून निघून रिंगमध्येच राहिले. एवढ्या भीषण प्रकारात दादा त्या बुटांना हसला. लोळला अक्षरशः. पुढे वर्षभर मी शाळेत जायला निघालो की मागून, 'फंक, बूट सांभाळ.'

मग पिना. शाळेच्या नोटीस बोर्डाला असतात तसल्या, पोतंभर ओतलेल्या, आणि हा त्यांवर पाठीवर पडला. उठला तेव्हा दंडाला, पाठीला पिना चमकत होत्या.

आता ह्यात काय काय खोटं, ते बघू. अंडरटेकर जिंकणार हे ठरलेलं. पहिल्यांदा फेकायचं हे ठरलेलं. ती कल्पना फोली आणि फंकच्या गप्पांतूनच निघाली होती, वरूनच सुरुवात करावी म्हणून. पण छत फाटणं ठरलेलं नव्हतं. जाळी तुटली ती तुटली. दात खरा. अंडरटेकरचा पाय आधीपासून मोडलेला होता, तोही खरा, त्याच पायाने तो वर चढला. म्हणजे ठरवून पडणं आणि न ठरवता पडणं एकाच रात्री, काही मिनिटांच्या अंतराने, आणि बघणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही. पडणाऱ्यालाच कळतो. फोली तेव्हा 33 वर्षांचा होता. आम्हाला म्हातारा वाटला होता. मी गेल्या महिन्यात सिलिंडर सरकवताना पाठ धरून बसलो, चार दिवस.

ती सीडी आबांनीपण आमच्यामागे बसून बघितली होती. त्यांचा सगळा जन्म तालमीच्या आसपास गेला, कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या तोंडपाठ. त्यांना राग आला तो रक्ताचा नाही. 'पाठ टेकली की संपली,' म्हणाले. 'ह्याची दोनदा टेकली. अजून चालूच? आणि हे म्हणे निकाली!' नो होल्ड्स बार्डचं भाषांतर दादाने त्यांना निकाली असं करून दिलं होतं, चूक त्याची. निकालीत वेळेचं बंधन नसतं, नियम मात्र असतात. ह्यांच्यात नियम कसलेच नाहीत, खुर्ची घ्या, शिडी घ्या, कचऱ्याचा डबा घाला डोक्यात. पण कोणी, कधी, कसं पडायचं ते आधीच ठरलेलं. रेफ्री तरी कशाला ठेवतात असं मला वाटायचं. पुढे कळलं, तीन मोजण्यापलीकडे त्याचं खरं काम दोघांच्यात निरोप पोचवणं. ठीक आहेस का, पुढे जायचं का, आता उरकतं घ्या.

(आमच्यातही एक रेफ्री होता. बाबा गेल्यापासून ती जागा रिकामीच आहे.)

आबा मिलमध्ये असताना त्यांनी वरळीला, वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये, दारा सिंग आणि किंग काँग नावाच्या पैलवानाची फ्रीस्टाइल पाहिली होती. मी विचारलं होतं, ती खरी होती का? आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. 'तिकीट खरं होतं,' म्हणाले. मग जरा वेळाने, 'आणि किंग काँग पडला तेव्हा माझी खुर्ची हलली. तीपण खरी.' दादा ह्यावर खूश. त्याला आबांकडून सर्टिफिकेट मिळालं होतं.

मग आता कशाला बदलला?

झोप येतच नाहीये तर इतर मॅचही आठवून बघितल्या. रेसलमेनिया 13 (त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), ब्रेट हार्ट आणि स्टोन कोल्ड ऑस्टिन. ही दादाची, माझी कधीच नव्हती. हार्टच्या शार्पशूटरमध्ये, म्हणजे पाय मुडपून धरायच्या डावात, अडकलेला ऑस्टिन, कपाळातून रक्त, दात विचकलेले, ओरडतोय पण हार मानत नाही, न मानताच बेशुद्ध पडतो. हरला आणि त्या रात्रीपासून हीरो झाला. दादा आरशासमोर तसा चेहरा करायचा.

आणि मग 2001. रेसलमेनिया 17, ह्यूस्टन, ऑस्टिनच्याच टेक्सासात. समोर रॉक. ऐन वेळी जाहीर झालं की डिसक्वालिफिकेशन नाही, म्हणजे काहीही केलं तरी बाद नाही. ऑस्टिनला चॅम्पियनचा पट्टा इतका हवा होता की त्याने मॅकमहॉनची मदत घेतली. मॅकमहॉनची! ज्याच्या नावाने चार वर्षं शिव्या घातल्या त्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकाची. रॉकला खुर्चीने मारत सुटला, मग मालकाशी हात मिळवला, दोघं मिळून बिअर प्याले. दादाने ऑस्टिनचं पोस्टर भिंतीवरून काढलं. फाडलं नाही, काढलं. गुंडाळून रबर लावून माळ्यावर टाकलं. बारावीत होता. तेव्हाही त्याने 'खोटं असतं' म्हटलं नव्हतं. खोटं म्हटलं असतं तर सुटला असता की तेव्हाच. दोन दिवस धड जेवला नाही.

'आय क्विट' मॅच, म्हणजे एकाने 'हार मानतो' म्हणेपर्यंत चालणारी, मी आता बघत नाही. रॉयल रंबल, जानेवारी 1999. फोलीचे हात पाठीमागे बेडीत, रॉक डोक्यात खुर्च्या घालतोय, आणि बायको-पोरं पहिल्या रांगेत. ठरल्या होत्या पाच, बसल्या त्याच्या दुपटीहून जास्त. लहानपणी आम्ही मोठ्याने मोजत होतो. लेक झाल्यावर एकदा लावली आणि तिसऱ्यालाच बंद केली. शेवट तर भलताच. फोलीने हार मानलीच नाही. त्याच्याच एका आधीच्या मुलाखतीतलं 'आय क्विट' स्पीकरवर वाजवलं आणि मॅच संपवली. आवाज त्याचा, शब्द त्याचे, म्हटलेलं मात्र दुसरीकडेच, दुसऱ्याच कशाबद्दल. मंगळवारी वकिलाच्या टेबलावर बाबांचं ते पत्र वाचून दाखवत होते तेव्हा मला हेच आठवत होतं. तिथे कोणाला सांगणार.

त्यापेक्षा 2011 बरी. अटलांटा, अंडरटेकर आणि ट्रिपल एच, नावातच नो होल्ड्स बार्ड. तोवर मी पुण्यात, दादा कराडला, दोघांनी फोन कानाला लावून बघितली. निम्मा वेळ दोघंही जमिनीवर पडलेले, नुसते एकमेकांकडे बघतायत. दादा म्हणाला, 'ह्यांना उठवत नाहीये रे.' अंडरटेकर 46 चा. शेवटी जिंकला तोच, पण त्याला छोट्या गाडीवर घालून न्यावं लागलं. हरलेला आपल्या पायांनी चालत गेला. आम्ही फोनवर गप्प होतो बराच वेळ. बिल किती आलं असेल त्या महिन्यात.

तेव्हा भावाशी न बोलता फोन चालू ठेवता यायचा. आता मेसेजला चार शब्द येतात आणि त्यांचाही मी कीस पाडत बसतो. मी असा बावळट. त्याला बहुतेक आठवतसुद्धा नसेल मी दरवर्षी ह्याच तारखेला का पाठवतो. त्याच्या दृष्टीने फॉरवर्ड. गुड मॉर्निंगची फुलं, कोणाचं तरी भाषण, मग माझा अंडरटेकर.

पावणेदोन. ही परत उठून आली. लाइट बघून. ह्या वेळी सांगितलं. फोन दाखवला.

तिने क्लिप पहिल्यांदाच नीट बघितली. मी अगदी कापून ठेवलीये, पिंजऱ्यावरून फेकतो तेवढीच, चौदा सेकंद. तिने दोनदा बघितली.

'हे तू दादांना पाठवलंस? आज?'

'दरवर्षी पाठवतो.'

'मंगळवारी वकिलाकडे एवढं झालं, तुम्ही दोघं एकमेकांना काय काय बोललात, आणि शनिवारी रात्री तू त्यांना हे पाठवलंस. एक माणूस दुसऱ्याला वरून खाली ढकलतोय. वर एक शब्द लिहिला नाहीस. त्यांना काय वाटलं असेल?'

मी म्हटलं, अगं पण ते खोटं...

आणि थांबलो. ती हसायला लागली. मलाही आलं हसू, काय करता. क्लिप परत लावली, आवाज बंद करून. ह्यात मी कोण आणि तो कोण, असा विचार डोक्यात आला तो ढकलून दिला. मंगळवारी 'तू ह्या घरासाठी काय केलंस' असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, अगदी शांतपणे, कागद सारखे करत करत. मग परत ते चार शब्द वाचले. 'खोटं असतं' एवढंच लिहून भागलं असतं. 'रे' कशाला लिहिलंय. आणि 'ते' म्हणजे नक्की कोणतं ते.

हे काही मी त्याला विचारणार नाहीये.

'झोप आता,' ती म्हणाली, 'पाठ धरेल त्या स्टुलावर.'

सकाळ. सात वाजून दहा मिनिटं. दादाचे दोन मेसेज आलेत, एकाखाली एक.

'फंकचे बूट.'

'संमतीपत्र कुरिअर केलंस का?'

केलेलं नाही. गाडीच्या डिकीत आहे, सही व्हायचीये.