आय फाइव्ह, पण कितव्या पिढीचा?

डोंबिवलीतल्या आमच्या घरचा संगणक २०१३ साली सुटे भाग जुळवून घेतलेला होता. इंटेल कंपनीचा तिसऱ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप), ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१९ मध्ये तो नुसता सुरू व्हायलाच पाच-पाच मिनिटे घेऊ लागला, तेव्हा मी हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान साठवण) बसवली आणि रॅम दुप्पट केली. तेवढ्यावर त्याने आणखी सहा वर्षे काढली. ज्यांच्या घरी अजूनही फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांनी नव्या यंत्राचा विचार करण्याआधी हा उपाय जरूर करून पाहावा.

या वेळी मात्र अडचण वेगाची नव्हती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो, त्यामुळे आमच्या यंत्राला ती वाट बंद होती. आई याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करते. तिथे धोका पत्करण्याची माझी तयारी नव्हती. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रावरही उत्तम चालते आणि केवळ ब्राउझर व पत्रलेखन एवढेच काम असते तर मी तीच निवडली असती. परंतु वडिलांचे मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते.

हाताशी २०,००० रुपये होते. या पैशांत नवा, पण अगदी दुबळ्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेण्यापेक्षा मोठ्या कार्यालयांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला छोटा डेस्कटॉप घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलीटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही यंत्रे दिवसभराच्या वापरासाठी बांधलेली असतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात.

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका शनिवारी मी सहा दुकाने फिरलो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘आय फाइव्ह आहे’ एवढेच आधी सांगितले गेले, आणि ग्राहकाने नेमके इथेच थांबून पुढचा आकडा विचारला पाहिजे. आय फाइव्ह ४५७० हा चौथ्या पिढीचा, ८५०० हा आठव्या आणि १०४०० हा दहाव्या पिढीचा. चौथ्या पिढीच्या त्या प्रोसेसरला चार कोअर (एकाच वेळी काम करणारे गाभे) आहेत, तर ८५०० ला सहा. एका दुकानात चौथ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ चालूही करून दाखवले. मात्र अट चुकवून केलेल्या अशा स्थापनेला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि ज्या कारणासाठी संगणक बदलायचा तेच कारण तिथे बाजूला पडते.

अखेर ८५०० टी प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले पुस्तकाएवढे यंत्र १७,५०० रुपयांना, सहा महिन्यांच्या दुकानाच्या हमीसह घेतले. रॅम आधीच भरलेली असलेले यंत्र मी मुद्दाम शोधत होतो, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. पैसे देण्याआधी बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारी यंत्राची मूळ व्यवस्था) उघडून त्याला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना हे पाहिले, विंडोज सक्रिय आहे का ते तपासले आणि एसएसडीचे उरलेले आयुष्य दाखवणारे सॉफ्टवेअर चालवले. जुना मॉनिटर फक्त व्हीजीए या जुन्या जोडणीचा आणि यंत्राला नव्या पद्धतीची डिस्प्लेपोर्ट जोडणी, म्हणून एक अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वडिलांच्या लेखनात. त्यांचे पंचवीस वर्षांचे लेख युनिकोडच्या (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच साठवण्याच्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. अशा फाइलीत मराठी अक्षरे मराठी म्हणून साठवलेली नसतात, रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच लेख निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उघडतो. फाइलींबरोबर फॉन्टही जुन्या संगणकावरून आणले आणि मग एकेक लेख युनिकोडमध्ये बदलायला घेतला. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, त्यामुळे वडील रोज संध्याकाळी मूळ छापील प्रत हातात घेऊन दुरुस्त्या सांगतात आणि मी त्या करतो. आतापर्यंत ४३ लेख झाले आहेत. उरलेले पूर्ण होईपर्यंत जुना संगणक, इंटरनेटची तार काढून, टेबलाखाली तसाच ठेवला आहे.