मिरिसाच्या समुद्रात सांगलीचे फूट

सांगलीच्या माणसाला पाण्याचे भय नसते, असा आमचा समज होता. आयर्विन पुलावर उभे राहून कृष्णेचे पाणी किती फुटांवर गेले ते पाहण्यातच आमची हयात गेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, मिरिसा बंदराबाहेर, तो समज अर्ध्या तासात गळून पडला. फेब्रुवारीतला समुद्र शांत म्हणतात, तरी सतरापैकी सहा जणांना बोट लागली आणि हौसेने फोडलेले भडंगाचे पुडे बाकाखालीच राहिले.

येथे किनाऱ्यालगतची उथळ पट्टी अरुंद असल्याने थोड्याच मैलांवर समुद्र एकदम खोल होतो, आणि एरवी भर महासागरात शोधावा लागणारा निळा देवमासा डिसेंबर ते एप्रिल या काळात येथे सहज दिसतो. हे देवमासे अन्नासाठी ध्रुवाकडे जात नाहीत. २००३ मध्ये आशा डी व्होस या श्रीलंकन संशोधिकेला त्यांची तांबडी विष्ठा तरंगताना दिसली, आणि ते याच उबदार पाण्यात चरतात हे कळले. गाइडने हे सांगताच मावशींनी नाकाला पदर लावला.

साडेनऊच्या सुमारास इंजिन मंद झाले. आधी फवारा दिसला. आवाज मागाहून आला, एसटीने ब्रेकची हवा सोडावी तसा. मग राखी-निळी, डागाडागांची पाठ वर आली आणि सरकतच राहिली. शेवटचा इवलासा पर दिसेपर्यंत कोणी बोलले नाही. लांबी सत्तर फुटांच्या घरात असावी, असे गाइड म्हणाला.

"एकोणीसचा महापूरसुद्धा ५७ वर थांबला होता की!" शेजारचे काका पुटपुटले.

चार-पाच श्वास घेऊन त्याने शेपूट उभे केले आणि तो गेला. त्या जागी तेल ओतल्यासारखा गुळगुळीत गोल उरला. त्याभोवती आमच्यासह सात बोटी गोळा झाल्या, हे मला मुळीच रुचले नाही. पलीकडे क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग होतीच, आणि त्यांची धडक हा या देवमाशांना मोठा धोका आहे.

आमच्याकडे देवमासा वर्तमानपत्रात येतो तो 'उलटी'च्या तस्करीपायी. परतताना काकांनी ती चौकशी केलीच. तो पदार्थ स्पर्म व्हेल या निराळ्या जातीच्या आतड्यात तयार होतो, एवढे सांगून गाइडने बाकाखालची बादली उचलली आणि समुद्रात रिकामी केली.