पेप्लोस कोरेला रंगवताना

अथेन्समध्ये राहतो, तर मुलांना इथल्या मूर्ती नुसत्या दाखवायच्या नाहीत, त्यांची ओळख करून द्यायची, हे मी ठरवलंच होतं. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणींसाठी मी अ‍ॅक्रॉपोलिस संग्रहालयातली एकच मूर्ती निवडली: पेप्लोस कोरे. कोरे म्हणजे प्राचीन ग्रीक शिल्पातली उभी तरुणी आणि पेप्लोस हा तिथल्या बायकांचा एक पोशाख. सगळं संग्रहालय एका दमात दाखवलं की मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

इ.स.पू. ५३० च्या सुमाराची ही संगमरवरी मूर्ती जेमतेम १.२ मीटर उंच आहे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अ‍ॅक्रॉपोलिस ही देवळांची टेकडी उद्ध्वस्त केली. तिथल्या मोडक्या मूर्ती मातीखाली गेल्या आणि ही थेट १८८६ मध्ये सापडली. मातीत झाकलेली राहिली म्हणून तिच्या केसांवर, ओठांवर, डोळ्यांत अजून रंग दिसतो.

संग्रहालयाने तिला रंगवण्याचा डिजिटल खेळ केलाय. तो मी टॅबवर लावला, पण लगेच हातात दिला नाही. आधी साबणाच्या वडीवर टाचणीने एक बकरा कोरला आणि खोलीत अंधार केला. मोबाइलचा टॉर्च वरून धरला तर पोरींना काहीच दिसेना. तोच टेबलाला टेकवून बाजूने धरला, तशी रेघ न् रेघ उठून आली. जर्मन संशोधक व्हिन्सेंझ ब्रिंकमन यांनी असाच तिरपा प्रकाश आणि अतिनील किरण वापरून कोरेच्या पोशाखावरच्या पुसट झालेल्या प्राण्यांच्या रांगा शोधल्या: सिंह, बकरे, स्फिंक्स (बाईचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी). मग टॅबसाठी जी झोंबाझोंबी झाली, ती विचारू नका! स्क्रीनचा असा उपयोग मला मनापासून पटतो. डोळ्यांना आता नीट न दिसणारं मुलांना त्यावर स्वतःच्या बोटाने भरता येतं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो. पोरी कोरेसमोरून हलेनात. “काकू, केसांत लाल आहे, खरंच!” मग नजर उजव्या मुठीतल्या भोकाकडे गेली. त्यात काय असेल? ब्रिंकमन यांच्या चमूने प्राण्यांवरून तिला शिकारीची देवी आर्टेमिस मानून बाण दिला होता. शिरस्त्राण घातलेली युद्धाची आणि बुद्धीची देवी अथेना अशीही एक प्रतिकृती केली होती. दोन्ही फोटो मी मोबाइलवर दाखवले. लेक आर्टेमिसच्या बाजूची, मैत्रिणी अथेनाच्या. मेट्रोत घरी येईपर्यंत वाद चालू होता.