कार्ट्रिजवर किती पैसे घालावेत? माझा अनुभव

ओळखीतून स्वस्तात मिळालेल्या माझ्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रावर, शुअर कंपनीचे जुने कार्ट्रिज (सुई बसवलेला आणि तिची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा छोटा भाग) होते आणि त्याची सुई पार झिजलेली होती. शुअरने २०१८ साली कार्ट्रिजचा व्यवसायच बंद केल्यामुळे मूळ सुई मिळण्याची आशा नव्हती. इतरांनी बनवलेल्या पर्यायी सुया मिळतात, परंतु त्यांच्या दर्जात बरीच तफावत असते. त्यामुळे मी नवे कार्ट्रिज घ्यायचे ठरवले आणि पहिलाच प्रश्न पैशाचा उभा राहिला, कारण या बाजारात दोन-तीन हजारांपासून काही लाखांपर्यंतचे कार्ट्रिज मिळते आणि प्रत्येक पायरीवर ‘आणखी थोडे घाला’ असे सांगणारा कोणी तरी भेटतोच.

टर्नटेबलच्या किमतीचा अमुक एक हिस्सा कार्ट्रिजवर खर्च करावा, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. मला तो पटला नाही. टर्नटेबल मला कमी भावात मिळाले म्हणून सुईही हलकीच घ्यायची, यात तर्क कोणता? सुई खाचेत फिरणार ती माझ्या रेकॉर्डच्या, तेव्हा कपाटात काय आहे तिथूनच हिशेब सुरू करावा, असे मला वाटले.

माझ्या कपाटात मुख्यतः ख्यालगायनाच्या आणि वादनाच्या एलपी आहेत, काही नाट्यसंगीताच्या आहेत, आणि वडिलांनी जपलेल्या ७८ गतीच्या थोड्या तबकड्या आहेत. ख्यालाच्या एलपीची एक अडचण पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्या सल्ल्यात सहसा येत नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या ठरावीक गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ पोहोचेपर्यंत ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. म्हणजे तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, आणि बोथट सुईला ती बारीक वळणे नीट घेता येत नाहीत. आता आपला गवई काय करतो? बाहेरच्या, ऐसपैस खाचांत तो विलंबिताची निवांत बढत करतो आणि द्रुत ताना, तराणा किंवा सतारीचा झाला नेमका लेबलाजवळच्या दाटीत येतो. ज्या क्षणासाठी रेकॉर्ड लावली, तिथेच आवाज फाटतो आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे फुसफुसू लागतात.

म्हणून माझ्या दृष्टीने पैसे सुईच्या टोकाच्या आकारावर घालायचे होते. कार्ट्रिजच्या बाकी अंगावर नव्हे. सर्वांत साधी सुई शंकूच्या आकाराची असते. तिच्या वरची लंबगोल. त्यापुढे शिबाता, जी त्या नावाच्या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात चार ध्वनिवाहिन्यांच्या रेकॉर्डसाठी घडवली, आणि मायक्रोलिनिअर, जिची कड खाचेच्या भिंतीला उभ्या, अरुंद रेषेत टेकते. अशा अरुंद कडेला लेबलाजवळची बारीक वळणे घेता येतातच; तिचा दुसरा फायदा जुन्या रेकॉर्ड घेणाऱ्याला होतो. एके काळी घरोघरी असलेल्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या प्लेअरवर जड दाबाने वाजलेल्या तबकड्यांची भिंत एका ठरावीक पट्ट्यात झिजलेली असते. उंच रेषेत टेकणारी सुई त्या पट्ट्याच्या बाहेरचा शाबूत भागही गाठू शकते. मात्र खाच मुळातच उद्ध्वस्त झालेली असेल, तर कोणतीही सुई तिला वाचवणार नाही.

ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या व्हीएम९५ या कार्ट्रिजच्या मालिकेने माझा हिशेब सोपा केला, कारण तिच्यात कार्ट्रिजचे अंग एकच ठेवून सुया बदलता येतात. कंपनी स्वतःच सुईचे आयुष्य सांगते: शंकू ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनिअर १०००. मला मिळालेल्या भावानुसार लंबगोल सुईचे कार्ट्रिज सहा हजारांच्या आसपास होते आणि मायक्रोलिनिअर साडेसोळा हजारांच्या. भागाकार केला, तर पहिल्याला तासाला २० रुपये पडतात आणि दुसऱ्याला साडेसोळा. पुढच्या वेळी फक्त सुईच घ्यायची असल्यामुळे आकडे थोडे बदलतील, आणि वर्षातून चार वेळा रेकॉर्ड लावणाऱ्याला या भागाकाराचा काही उपयोग नाही, हेही खरे. आमच्याकडे रोज संध्याकाळी एखादी बाजू वाजतेच.

मूव्हिंग कॉइल (हलत्या चुंबकाऐवजी हलत्या तारेच्या गुंडाळीवर चालणाऱ्या) प्रकाराचा मोह मी याच हिशेबावर सोडला. १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झालेल्या डेनॉनच्या डीएल-१०३ बद्दल मी पुष्कळ चांगले ऐकले होते. परंतु त्याचे टोक शंकूचे आहे, सुई घरी बदलता येत नाही, आणि त्यातून मिळणारा विद्युतदाब अवघा ०.३ मिलिव्होल्ट असतो, जिथे साधे मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाचे, कार्ट्रिज साडेतीन-चार मिलिव्होल्ट देते. माझ्या अँप्लिफायरमधला फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण विद्युतदाब वाढवणारा भाग) फक्त मूव्हिंग मॅग्नेटसाठी आहे. म्हणजे कार्ट्रिजपाठोपाठ वेगळा फोनो स्टेज घेणे आले आणि खर्च दुप्पट झाला असता.

तरीही केवळ कागदावरच्या आकड्यांवर साडेसोळा हजार मोजायला मन धजेना. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका परिचितांकडे हेच मायक्रोलिनिअर आणि लंबगोल अशा दोन्ही सुया आहेत, हे कळल्यावर मी माझ्याच दोन रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. “सुरुवात ऐकून काही कळणार नाही, सुई थेट आतच टेकवा,” असे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी हसत तसेच केले. नंतर सुरुवातही लावून पाहिली; विलंबितात आम्हा दोघांनाही लंबगोल आणि मायक्रोलिनिअर यांत फारसा फरक सांगता आला नाही. द्रुताच्या अखेरच्या आवर्तनांत मात्र लंबगोल सुईवर तानेचे स्वर एकमेकांत मिसळत होते आणि तबल्याच्या चाटेवर करकर येत होती; सुई बदलल्यावर तान दाणेदार ऐकू आली आणि तिच्या मागचा तानपुराही टिकून राहिला. नाट्यपदांच्या जुन्या मोनो एलपीवर फरक जाणवला, पण इतका नव्हे. माझ्याकडे केवळ नाट्यसंगीत असते, तर मी सहा हजारांवरच थांबलो असतो.

नाशिकमध्ये हे कार्ट्रिज मला दुकानात मिळाले नाही. मुंबईच्या विक्रेत्याकडून मागवावे लागले. बसवताना खरी काळजी दाबाची होती. या सुईला २ ग्रॅम दाब लागतो आणि १.८ ते २.२ या मर्यादेबाहेर जायचे नसते. त्यासाठी मी छोटा डिजिटल काटा घेतला होता, पण एवढ्या स्वस्त वस्तूवर भरवसा किती ठेवायचा? म्हणून तो घेऊन सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी चिमट्याने २ ग्रॅमचे वजन त्यावर ठेवले; आकडा २.०१ आला. मग कुतूहलाने त्यांनी मी सोबत नेलेल्या सुईकडे भिंग लावून बराच वेळ पाहिले. “केवढ्याला पडले म्हणालात?” किंमत सांगितल्यावर ते म्हणाले, “अहो, यात हिऱ्याचे काय पैसे? ही सगळी घडणावळ आहे.” इतके नेमके मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितले नव्हते. स्वस्त सुईत हिऱ्याचा कण धातूच्या दांडीवर चिकटवलेला असतो, मायक्रोलिनिअरमध्ये दांडीसकट सगळा हिराच असतो, पण पैसे लागतात ते त्याची कड घासून काढण्याला.

घडणावळीचे पैसे वसूल व्हायचे, तर सुई खाचेत सरळ बसायला हवी. शंकूची सुई किंचित तिरकी बसली तरी चालून जाते. अरुंद कडेची सुई ते सहन करत नाही. हेडशेलचे (कार्ट्रिज जिथे बसते त्या टोकाचे) दोन स्क्रू अर्धवट आवळून, छापील प्रोट्रॅक्टरच्या, म्हणजे सुईची जागा आणि कोन जुळवण्याच्या तक्त्याच्या, दोन्ही बिंदूंवर सुई टेकवत, कार्ट्रिज केसभर पुढे-मागे सरकवण्यात एक दुपार गेली. स्क्रू शेवटचा पीळ देताना कार्ट्रिज हमखास फिरते, म्हणून दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे लागतात. मनात धरलेल्या वीस हजारांतून उरलेले पैसे मी कार्बन ब्रश, रेकॉर्ड धुण्याचे साहित्य आणि आतली नवी पाकिटे यांवर घातले, कारण पावसाळ्यात बुरशी धरलेल्या तबकडीवर हजार तासांची सुई फिरवणे परवडणारे नाही.

राहिल्या ७८च्या तबकड्या. त्यांत गायक डी. व्ही. पलुस्कर यांच्या काही आहेत. ते १९५५ साली गेले, म्हणजे स्टिरिओ एलपी बाजारात येण्यापूर्वीच, आणि त्या काळच्या त्या रुंद खाचेत मायक्रोलिनिअर सुई तळाशी घसरते. तिथे तिचा उपयोग तर नाहीच, उलट ती बिघडण्याची भीती. त्यांच्यासाठी याच मालिकेत जाड, शंकूच्या टोकाची वेगळी सुई आहे आणि ती त्याच अंगावर चढते. दाब मात्र सुमारे ५ ग्रॅम लागतो, त्यामुळे सुई बदलली की दाब ठरवणारे मागचे वजन, म्हणजे काऊंटरवेटही, फिरवावे लागते. ती सुई पुढच्या महिन्यात मागवणार आहे.