झाकण उघडलं तरी स्क्रीन झोपलेलीच : नोंद तिसरी

परवा रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी लॅपटॉपचं झाकण बंद केलं. सकाळी उघडलं, तर लॉक स्क्रीनवरचं घड्याळ अजून ११:४२ च दाखवत होतं. या एका आकड्यामुळे तीन आठवड्यांचा गुंता सुटायला लागला, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

तक्रार तीच आहे. लिनक्सवर स्लीपमधून उठताना आठ-दहा वेळांतून एकदा स्क्रीन काळी राहते. मी हा बॅकलाइटचा प्रकार धरून चाललो होतो, कारण जुन्या लॅपटॉपवर तसंच होतं. तिथे अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका धरला की पासवर्डची चौकट पुसट दिसायची. म्हणजे चित्र तयार व्हायचं, फक्त मागचा दिवा लागत नव्हता. ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ हा पॅरामीटर (बूट होताना लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, दिलेली सूचना) दिला आणि प्रश्न मिटला. इथे तोच पॅरामीटर देऊन एक आठवडा वाया गेला. या वेळी खोलीतले दिवे घालवून नीट पाहिलं, तर काळ्या स्क्रीनच्या कडांना मंद उजेड होता. दिवा लागलेला होता, चित्रच येत नव्हतं. हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

मशीन जागी आहे का, हे ठरवणं सोपं गेलं. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो, म्हणजे कर्नल जिवंत. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरलो. सिस्टिमच्या नोंदींमध्ये, म्हणजे जर्नलमध्ये, झोपेतून बाहेर आल्याची ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ ही ओळ व्यवस्थित होती. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो आणि परत आलो, तर स्क्रीन लख्ख! स्क्रीनचा मोड (रेझोल्यूशन वगैरे) नव्याने बसवला की सगळं जाग्यावर येतं, हा मला फार मोठा धागा वाटला.

झोपेचे प्रकार दाखवणाऱ्या ‘मेम_स्लीप’ फाइलमध्ये या मशीनवर फक्त ‘एस२आयडल’ (हलकी झोप) आहे, ‘डीप’ (गाढ झोप) नाहीच. त्यामुळे तो बदलून पाहण्याचा मार्ग बंद. ‘नोमोडसेट’ हा पॅरामीटर सुचवणाऱ्यांना कळकळीने सांगतो, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरचं मोडसेटिंगच बंद पडतं. दोष सापडत नाही, झाकला जातो.

खरी मदत झाली ती झोपेचे टप्पे एकेक करून तपासू देणाऱ्या ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ या फाइलची. ही सोय लोक फारशी वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात ‘फ्रीझर’ लिहिलं की फक्त प्रोसेस गोठतात, ‘डिव्हाइसेस’ लिहिलं की ड्रायव्हरही झोपवले जातात, आणि पाच सेकंदांनी सगळं आपोआप परत येतं. मशीन प्रत्यक्षात झोपतच नाही. ‘फ्रीझर’वर वीस फेऱ्या केल्या, एकदाही बिघाड नाही. ‘डिव्हाइसेस’वर सहाव्याच फेरीला स्क्रीन काळी. म्हणजे खालच्या टप्प्यांपर्यंत जायची गरजच उरली नाही. संशय थेट ड्रायव्हरवर. चाचणी संपल्यावर त्या फाइलमध्ये आठवणीने ‘नन’ लिहा, नाहीतर पुढची प्रत्येक झोप पाच सेकंदांचीच होईल आणि लॅपटॉप बॅगेत जागाच राहील.

आता त्या ११:४२ कडे येतो. पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर, या सोयीत पॅनलकडे स्वतःची थोडी मेमरी असते. समोरचं चित्र बदलत नसेल तर ग्राफिक्स चिप विश्रांती घेते आणि पॅनल आपल्याजवळचं शेवटचं चित्रच दाखवत राहतं. वीज वाचते. पण उठल्यावर ‘नवं चित्र घे’ हा निरोप पॅनलपर्यंत पोचलाच नाही, तर जुनंच घड्याळ दिसणार किंवा काहीच दिसणार नाही. काळी स्क्रीन आणि अडकलेलं चित्र, असे दोन वेगळे बिघाड म्हणून मी जे लिहून ठेवत होतो, ते एकाच दोषाचे दोन चेहरे निघाले. या मशीनवर इंटेलचा ‘आय९१५’ हा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या जागेतल्या) ‘आय९१५_ईडीपी_पीएसआर_स्टेटस’ फाइलमध्ये पाहिलं, तर पीएसआर२, म्हणजे या सोयीची दुसरी आवृत्ती, चालू होतं.

ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूत ‘ई’ दाबून त्या एका बूटपुरतं ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ देऊन पीएसआर बंद केलं. मागे एकदा तीनच फेऱ्या नीट गेल्या म्हणून ‘सुटलं’ असं लिहून मोकळा झालो होतो. या वेळी तसं करायचं नव्हतं. टर्मिनलवर सेकंदांचं घड्याळ लावलं आणि ‘आरटीसीवेक’ने (ठरावीक वेळाने मशीन आपोआप उठवणाऱ्या आज्ञेने) वीस-वीस सेकंदांच्या ६० झोपा ओळीने घेतल्या. समोर बसून प्रत्येक वेळी सेकंद पुढे सरकतोय का ते पाहिलं. साठच्या साठ वेळा सरकला. साठावी फेरी संपली तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

पण पीएसआर पूर्ण बंद ठेवलं की बॅटरीवर थोडा भार पडतो, ते मला नकोय. या पॅरामीटरला १ दिलं की पीएसआरची पहिली आवृत्तीच वापरली जाते, दुसरी नाही. कालपासून तसं चालवतोय. आतापर्यंत ३८ फेऱ्या झाल्या, बिघाड एकदाही नाही. दोष पीएसआर२ मध्येच असावा, असं माझं मत बनत चाललंय.

एएमडीची ग्राफिक्स चिप असणाऱ्यांनी अशीच लक्षणं दिसली तर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ देऊन पाहावं, त्यानेही पीएसआर बंद होतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सवरूनच आलेले असल्याने तिथेही हा संशय घ्यायला हरकत नाही.

साठ पुऱ्या करायला उरलेल्या २२ फेऱ्या आज रात्री करतो. मग पीएसआर२ पुन्हा चालू करून, ग्राफिक्सच्या सविस्तर नोंदी करवणारं ‘डीआरएम.डीबग=०एक्सई’ लावून बिघाडाच्या क्षणाचा लॉग पकडायचा आणि ड्रायव्हरच्या विकसकांकडे पाठवायचा.