आरती येते, पण पाणी मागता येत नाही

मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला की पुष्कळदा बोलणं जातं आणि गाणं उरतं. वडिलांचं तसंच झालं. समोरच्याचं सगळं कळायचं, 'पाणी' हा साधा शब्द फुटायचा नाही, पण गणपतीची आरती शब्दांसकट चालू. घरच्यांना वाटतं, आता बोलतीलच. तसं आपोआप होत नाही. पाठ असलेली आरती वेगळी आणि त्या क्षणी स्वतः जुळवलेलं वाक्य वेगळं. स्वीडनमध्ये १७४५ साली अशाच माणसाची नोंद झाली आहे, बोलणं गेलेलं पण प्रार्थनागीतं शाबूत. या उरलेल्या गाण्याला धरून बोलणं परत आणायची रीत १९७३ च्या सुमारास बोस्टनमध्ये बसवली गेली, तिला मेलडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. आमच्या स्पीच थेरपिस्टनी ती मराठीत लावून दिली. घरचा सराव माझ्याकडे होता.

आधी तपासणी हवीच. समज बऱ्यापैकी शाबूत आहे, बोलणं अडखळतं आणि आपलं चुकतंय हे पेशंटला कळतं, अशांनाच ही पद्धत लागू पडते. जे घडाघडा पण अर्थहीन बोलतात, त्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

सूर लागतात फक्त दोन, सा आणि कोमल ग. वडिलांचा आवाज खालचा, म्हणून काळी एकचा सा आणि पांढरी तीनवर कोमल ग. पेटीवर सूर धरायचा आणि पेटी बंद करायची. ती चालू राहिली तर पेशंटचा बारीक आवाज तिच्याखाली दबतो. 'पाणी हवं' घ्या: पा वर, णी-ह खाली, वं पुन्हा वर. बोलताना आवाज जिथे उचलला जातो, तिथे वरचा सूर. प्रत्येक अक्षर लांबवायचं, सेकंदाला साधारण एक. आणि प्रत्येक अक्षराला पेशंटचा डावा हात आपल्या हातात घेऊन टेबलावर हलकी थाप. डावाच, कारण उजवा बहुधा लुळा असतो आणि डाव्या हाताचा ताबा मेंदूच्या शाबूत बाजूकडे असतो. शब्दाला एक थाप पडायला लागली की सगळं बिघडतं. पाणी म्हणजे दोन थापा.

चाल ओळखीच्या गाण्याची घेऊ नये. आम्ही 'चहा दे' एका जुन्या गाण्याच्या चालीवर बसवलं आणि तोंडून त्या गाण्याचे मूळ शब्द यायला लागले. ज्याच्या गळ्यात गाणं आहे तो हौसेने मुरक्या घालतो, त्याही नकोत.

आता क्रम. पहिल्यांदा मी नुसतं गुणगुणायचं, त्यांनी ऐकायचं, थापा चालू. मग दोघांनी मिळून गायचं. मग मिळून सुरू करून मी मध्येच गप्प व्हायचं, उरलेलं त्यांनी पुरं करायचं. मग मी गायल्यावर त्यांनी एकट्याने. शेवटी प्रश्न: 'काय हवं?' आणि त्यांनी गाऊन उत्तर द्यायचं. एखाद्या पायरीवर अडलं तर एक पायरी मागे. तिथेही जमलं नाही तर ते वाक्य त्या दिवसापुरतं सोडून द्यायचं. हट्ट धरला की पेशंट चिडतो आणि पुढची वाक्यंही जातात. सर्वात जास्त चूक तिसऱ्या पायरीवर होते. आपला आवाज बंद होतो, पण ओठ हलत राहतात आणि पेशंट तेच वाचत असतो. मी तोंडासमोर वही धरायला लागले तेव्हा खरं काय येतंय ते कळलं.

वाक्यं रोजच्या गरजेची निवडावीत: नको, चहा दे, शू आली, पाय दुखतो. 'स्वयंपाक', 'डॉक्टर' असे जोडाक्षरांचे शब्द सुरुवातीला टाळावेत. ओठांनी दिसणारे प, ब, म आधी. आम्ही रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं बसायचो, टीव्ही बंद करून, फिजिओथेरपीनंतर लगेच कधीच नाही. बोस्टनमधल्या अभ्यासांत रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस, अशी पंचाहत्तरएक सत्रं करून घेतली होती. म्हणजे हे काम महिन्यांचं आहे.

गुण सुरांचा की लयीचा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. २०११ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी लय आणि पाठ असलेले वाक्प्रयोग यांना जास्त महत्त्व दिलं. म्हणून घरात कोणी बेसूर असेल तरी सराव सोडू नये, थाप मात्र चुकू देऊ नये.

बरीच घरं प्रश्नाला गाऊन उत्तर आलं की थांबतात. खरं काम तिथून पुढे आहे. मी गायल्यावर त्यांनी पाच-सहा सेकंद थांबून म्हणायचं, म्हणजे नुसती नक्कल होत नाही. मग दोन्ही सूर जवळ आणत न्यायचे, गाण्यासारखं बोलायचं, आणि शेवटी नुसतं बोलायचं. थाप सगळ्यात शेवटी सुटते. वडील अजून 'चहा नको' म्हणताना डाव्या हाताची बोटं मांडीवर चार वेळा टेकवतात. तो हात धरून थांबवायचा नाही, असं थेरपिस्टनी बजावून सांगितलं आहे.